नमुन्याची पट्टी

माझं शिक्षण चौथी. हे आधीच सांगून टाकते, कारण या प्रकरणात माझा दीर ते सांगितल्याशिवाय राहणार नाही. शिरूरला आमचं लोहाराचं घर. रस्त्याच्या कडेला वडिलांची भट्टी, मागे दोन खोल्या. वडील कोयते, विळे, खुरपी करायचे आणि आई भाता ओढायची. आईला बरं नसलं की मी शाळेत जात नसे, भाता ओढत असे. चौथीनंतर तिला बरं नसण्याचंच प्रमाण जास्त झालं. कोयत्याला पाणी देऊन झालं की वडील त्याच्यावर कानस घासून बघत. कानस घसरली तर कोयता कडक, कानस चावली तर मऊ, परत विस्तवात. ही परीक्षा मला सहाव्या वर्षी येत होती. आईचं शास्त्र वेगळं होतं. सण आला की ती घरातलं सगळं लोखंड चुलीत घालायची. तवा, उलथनं, सांडशी, खलबत्त्याचा दांडा, सगळं लाल होईस्तोवर भाजायचं, राखेत निवू द्यायचं आणि मग चिंच-राखेने घासायचं. वर्षाचं तेल, काजळी, गंज, सगळं झडून जायचं. फक्त विळी आणि चाकू बाजूला ठेवायची. "धार असंल त्याला इस्तू दावायचा न्हाई, त्याचं पाणी उतरतं. बाकीच्याला भ्यायचं कारण न्हाई," असं ती म्हणायची. माझ्या हाताला हे इतकं बसलं होतं की त्याचा विचार मी कधी केला नाही.

लग्न होऊन मी दौंडला आले. मोठी झाले ती खरी तिथेच, तिशीला टेकल्यावर, म्हणून ही हकीकत मी माझ्या वाढत्या वयातलीच धरते. घर म्हणजे पुढे कारखाना आणि मागे राहायचं. सासरे, त्यांना मी मामा म्हणायची, साखर कारखान्यांना ऊस कापायच्या यंत्राचे सुरे करून देत. हातातला कोयता नव्हे. गव्हाणीवर, म्हणजे ऊस मिलमध्ये नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर, गरगर फिरणाऱ्या कटरचे, हातभर लांब, जाड पोलादी सुरे. डिझेलची भट्टी दिवसभर घोंघावायची. ती बंद झाली की रेल्वेच्या शंटिंगचा धडधडाट ऐकू यायचा, म्हणजे शांतता अशी नव्हतीच. सगळ्या घराला जळक्या तेलाचा वास. सासूबाई, म्हणजे आत्याबाई, हुलग्याची शेंगोळी फार चांगली करत, लसूण-जिऱ्याचा ठसका द्यायच्या, पण तीही मला पहिली दोन वर्षं तेलाच्या टाकीतून काढल्यासारखी लागायची. माझे मालक रेल्वेत होते. पाळीवर जायचे, आणि घरात भांडण व्हायचं तेव्हा नेमके पाळीवर असायचे. धाकटा दीर नामदेव भट्टी सांभाळायचा. दहावी पास होता. ते तो आम्हाला विसरू देत नसे.

एका वर्षी साखर कारखान्याने नवीन नियम काढला. सुऱ्यांच्या प्रत्येक लॉटबरोबर ते किती कडक आहेत याचे आकडे लिहून, सही करून द्यायचे. मामा पुण्याहून एक लाकडी पेटी घेऊन आले. तिच्यात जाड पेनाएवढं लोखंडी हत्यार, रेघा मारलेलं भिंग, आकड्यांचा तक्ता आणि दोन चौकोनी पोलादी पट्ट्या होत्या, वीतभर लांब, बोटाएवढ्या जाड. पेटीबरोबर आलेल्या माणसाने एका दुपारी सगळं शिकवलं. हत्याराच्या खालच्या टोकाला पोलादी गोळी असते. गोळीच्या वर पट्टी सरकवायची, गोळी सुऱ्यावर उभी टेकवायची आणि वरून हातोडीचा एकच ठोका द्यायचा. त्या एका ठोक्याने दोन खळ्या पडतात, खाली सुऱ्यावर एक आणि वर पट्टीवर एक. पट्टी म्हणजे नमुना. ती किती कडक ते बनवणाऱ्यांनी ठरवून दिलेलं. दोन्ही खळ्या भिंगातून मोजायच्या आणि तक्त्यात बोट फिरवून सुऱ्याचा आकडा काढायचा. पट्टीच्या मानाने सुऱ्यावरची खळी जितकी लहान, तितका सुरा कडक. प्रत्येक वेळी पट्टी थोडी पुढे सरकवायची, जुन्या खळीजवळ नवी पाडायची नाही. एवढंच शास्त्र आहे. त्याला दहावी लागत नाही. सरळ हात, चांगले डोळे आणि चिकाटी लागते.

नामदेवने आधी हात घातला. हत्यार तिरकं धरलं, ठोका दोनदा बसला, खळी अंड्यासारखी लांबट आली. त्याने तक्ता वाचला, आकडा काढला, आणि तो सुऱ्याचा नव्हे, दगडाचा वाटावा असा निघाला. मी चहा घेऊन उभी होते. मी म्हणाले, "भावजी, हत्यार उभं नाही." तो म्हणाला, "मग तुमीच या की, चौथीच्या बाई." मी चहा खाली ठेवला, पदर खोचला आणि गेले. माझी खळी गोल आली. पेटीवाला मामांना म्हणाला, "यांनाच बसवा." मामांना माणूस कोणता यापेक्षा काम होतं की नाही एवढंच कळत असे. त्यांनी पेटीची किल्ली माझ्या हातात दिली आणि त्या दिवसापासून घरात वैर सुरू झालं.

वैर एकतर्फी होतं असं मी म्हणणार नाही. नामदेव मला 'खड्डेवाली' म्हणायचा. जेवताना मी वाढलेली भाकरी तो बोटाने दाबून बघायचा आणि आईला म्हणायचा, "हिचा आकडा काढून घे गं वहिनीकडनं, दात पडायचं." पण मीही कमी नव्हते. त्याचा सुरा मऊ निघाला की मी त्याच्यावर खडूने फुली मारायची आणि ती फुली मी मोठी मारायची. भट्टीपासून माझ्या टेबलापर्यंत दहा पावलं होती. ती दहा पावलं नाकारलेला सुरा घेऊन त्याला परत चालावी लागत. ते मी बघत बसायची. माझ्या आयुष्यात मी सांगितलं आणि पुरुषाने ऐकलं, असं ते पहिलंच काम होतं. तक्त्यातून आलेला आकडा वाचायचा आणि पास किंवा नापास म्हणायचं. ते टेबल सुटलं असतं तर मी परत चहा घेऊन उभी राहिले असते. मला ते नको होतं. बाकी काहीही चाललं असतं.

दोन वर्षांत पहिली पट्टी चारी अंगांनी खळ्यांनी भरली. तिच्या एका टोकाला बोटभर जागा तेवढी कोरी राहिली होती. मी ती फेकली नाही, स्वयंपाकघराच्या खिडकीला अडकण म्हणून लावली, आणि दुसरी पट्टी वापरायला काढली. मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं धुऊन पुसून पूजेला मांडतात. ऐरण, घण, सांडशा, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूची फुलं. मला माझ्या पेटीतलं सामान लखलखीत करून मांडायचं होतं, नामदेवच्या सांडशांपेक्षा जास्त. त्या दुसऱ्या पट्टीवर तेल आणि काळं किटण बसलं होतं, या वेळी कापडाने जाईना. सकाळी मी तवा, उलथनं आणि सांडशी बाभळीच्या विस्तवात घातली, त्यांच्याबरोबर पट्टीही घातली. तिला धार नव्हती. वर राख ओढली आणि पुरणाच्या मागे लागले. दुपारी काढून चिंचेने घासली तर पट्टी रुप्यासारखी निघाली. आत्याबाई म्हणाल्या, "चांगली घासलीस गं." त्यांनी मला चांगलं म्हणण्याचे प्रसंग थोडे, म्हणून लक्षात आहे.

दसरा झाला आणि गळीत हंगाम तोंडावर आला. साखर कारखान्याची घाई होती, लॉट मोठा होता, भट्टी थंड होत नव्हती. तापलेला सुरा तेलाच्या टाकीत बुडवला की त्याला पाणी चढतं, पण तेल गार पाहिजे. तेल तापलं तर सुरा मऊ राहतो. प्रत्येक खेपेनंतर तेल निवायला वेळ द्यावा लागे आणि नामदेव तो देत नव्हता. मी बघत होते. मनात म्हणत होते, ये माझ्या टेबलावर, फुल्या तयार आहेत. पण सुरे आले ते एकामागून एक पास. आकडे उत्तम. मी दोनदा तक्ता बघितला, भिंग पुसलं, पुन्हा ठोकलं. पास. नामदेव समोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "का वो, खडू संपला का?" मी सही केली.

गव्हाणीत पहिली मोळी पडून हंगाम सुरू झाल्याला आठ-पंधरा दिवस झाले असतील. दुपारी साखर कारखान्याची जीप दारात थांबली. इंजिनिअर साहेब उतरले, त्यांच्या माणसाने बारदानाचं एक ओझं ओट्यावर ओतलं. आमचे सुरे. केळीच्या सालीसारखे वळलेले. एक वाकला, तो दुसऱ्यांवर आपटला, सगळा कटर गेला. गव्हाण बंद, मिल बंद, बाहेर उसाच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत. साहेब आवाज चढवत नव्हते, त्याने जास्त भीती वाटली. त्यांनी खिशातून कागद काढला.

"ही सही कोणाची?"

"माझी," मी म्हणाले.

साहेबांनी मामांकडे बघितलं. "बाईंचं शिक्षण?"

मामा बोलायच्या आत नामदेव बोलला, "चौथी. आमी सांगत हुतो सायेब, पण घरात आमचं कोन ऐकतंय?"

साहेब म्हणाले, "माझ्यासमोर तपासा. ह्यातलाच घ्या."

मी वाकलेला सुरा ऐरणीवर ठेवला, ठोका दिला, भिंग लावलं. आकडा उत्तम आला. साहेबांनी स्वतः भिंगातून बघितलं, त्यांचाही तोच आला. वाकलेला सुरा समोर पडलेला आणि हत्यार म्हणतंय कडक आहे. मामा म्हणाले, "किल्ली इकडं दे, विमल. उद्यापासनं नामदेव बसंल." मी किल्ली दिली नाही. माझ्या हातांनी जे केलं ते वडिलांचं होतं. मी भिंतीवरची कानस काढली आणि सुऱ्यावर ओढली. कानस चावली, खिळ्याला चावावी तशी, चुरा पडला. सुरा मऊ होता. मग खोटं कोण बोलतंय? हत्यारात बोलणाऱ्या दोनच वस्तू, गोळी आणि पट्टी.

मी आत गेले आणि खिडकीची अडकण काढून आणली. जुनी पट्टी हत्यारात सरकवली, तिची ती बोटभर कोरी जागा गोळीवर आणली, आणि खाली ऐरणीवर सुऱ्याच्या जागी नवी पट्टी ठेवली. दोन्ही एकाच पेटीतल्या, एकाच आकड्याच्या. एका ठोक्यात दोन्हींवर सारखी खळी पडली पाहिजे. ठोका दिला. भिंगाची गरजच नव्हती. नव्या पट्टीवरची खळी उघड्या डोळ्यांना मोठी दिसत होती. नमुनाच मऊ झाला होता; आणि नमुना मऊ झाला की त्याच्या मानाने कुठलाही सुरा कडक दिसतो.

साहेब म्हणाले, "ही पट्टी कोणीतरी भाजली आहे."

मी नामदेवकडे बघितलं. सगळं एका क्षणात जुळलं. तेल तापलेलं त्याला माहीत, लॉट मऊ पडणार हे माहीत, माझी सही होणार हेही माहीत. मी म्हणाले, "भट्टी भावजींच्या हातात असते."

त्याचा चेहरा उतरला. "म्या त्या पेटीला हात लावत न्हाई," तो म्हणाला. "किल्ली तुमच्या कमरेला हाय."

"अंघोळीला जाते तेव्हा खुंटीवर असते."

"वहिनी, म्या तेल गार होऊ दिलं न्हाई, ते कबूल हाय. पन पट्टीचं मला ठाव न्हाई. आईची आन."

"आईची आन घेताना तरी लाज ठेवा," मी म्हणाले.

मामांनी त्याला साहेबांच्या समोर कानफटीत मारली. पंचवीस वर्षांचा बाप्या. आत्याबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला आणि आत गेल्या. साहेबांनी लॉट बदलून मागितला, काम काढून घेतलं नाही, आणि जाताना मला म्हणाले, "जुनी पट्टी ठेवलीत ते बरं केलंत." नामदेव चौथ्या दिवशी घर सोडून गेला. कारेगावला खोली घेतली, तिथल्याच एका कंपनीत भट्टीवर लागला. तो गेला त्या दिवशी मी पोटभर जेवले, हे लिहायला मला आता संकोच वाटतो, पण जेवले हे खरं आहे. शेंगोळी होती.

पुढच्या खंडेनवमीला पुण्याहून आणलेली नवी पट्टी माझ्या हातात होती. सकाळची वेळ, चूल पेटलेली, तवा आत घातलेला. मी पट्टी पुसायला घासलेटाचं बोळकं शोधत होते. का, ते तेव्हा मलाही नीट माहीत नव्हतं. एका पट्टीने एवढं रामायण झालं म्हणून दुसरीला जपत असेन. आत्याबाई चुलीपुढे बसल्या होत्या. मागे न बघता त्या म्हणाल्या, "गेल्या साली चुलीत घातली हुतीस की. औंदा का न्हाई?"

मी उभीच राहिले. राखेत निवलेली पट्टी, चिंचेने घासलेली, रुप्यासारखी. तिला धार नव्हती, म्हणून तिला पाणी नसणार असं मी धरून चालले होते. वर्षभर मी तो प्रसंग रोज आठवला होता. नामदेव पेटी उघडताना, पट्टी भट्टीत टाकताना, हे मी डोळ्यांनी बघितल्यासारखं मला दिसत होतं. आणि माझा स्वतःचा हात मला एकदाही दिसला नव्हता. मी म्हणाले, "औंदा घासलेटानं पुसते." त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं, मग तवा उलटा केला. त्यांना कळलं होतं का, मला अजून सांगता येत नाही. त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. कारेगाव काही लांब नव्हतं, शिरूरला माहेरी जाताना वाट तिथूनच निघायची. एसटी थांब्यावर थांबायची, मी खिडकीतून दुसरीकडे बघायची. सांगितलं असतं तर काय झालं असतं? मामांनी किल्ली मागितली असती. तेवढंच. तेवढ्यासाठी मी गप्प बसले, आणि परत तीच वेळ आली तरी मी बोलेन अशी खात्री मी आजही देत नाही.

मामा गेले, नंतर आत्याबाई गेल्या. दोन्ही वेळा नामदेव आला, उभ्या उभ्या गेला. मग वाटणीच्या कागदावर सही करायला एकदा दुपारचा आला. अंगावर कंपनीचा शर्ट, केस पांढरे व्हायला लागलेले. पट्ट्याला एक कातडी पाकीट होतं. सही झाल्यावर त्याने त्यातून एक डबा काढला, मोबाईलपेक्षा थोडा मोठा, त्याला वायर आणि वायरीला आखूड नळी. म्हणाला, "आता ह्याच्यावर चालतं. नळी टेकवायची, बटन दाबायचं. आत गोळी आपटून उसळती, आकडा पडद्यावर. तक्ता लागत न्हाई, वहिनी. चौथी तरी कशाला पायजे?" मी म्हणाले, "बरं झालं, तुम्हाला जमत असेल." तो हसला नाही.

"त्या दोन पट्ट्या हायत का अजून?"

होत्या. मी काहीच फेकत नाही. त्याने दोन्ही घेतल्या. हलकी वस्तू नुसती ठेवली तर ती हलते आणि आकडा खोटा येतो, म्हणून त्याने ऐरणीला ग्रीस लावून त्यांना घट्ट चिकटवलं. पहिल्या वेळी तिरकी खळी पाडणारा माणूस किती निगुतीने काम करत होता ते मी बघत होते. खळ्यांमधल्या कोऱ्या जागा शोधून त्याने जुनी पट्टी तीनदा मारली, मऊ पट्टी तीनदा मारली. आकडे बघितले.

"एवढी वर्सं भट्टीवर काढली म्या," तो म्हणाला. "आपल्या भट्टीतनं काढून भायेर टाकली असती तर वाऱ्यावर निवून परत होती तशी झाली असती. एवढी मऊ पडायला राखेत निजावं लागतं. आन् आपली भट्टी तर डिझेलची. राख ह्या घरात एकाच जागी हुती."

बाहेर मालगाडी चालली होती. ती गेल्यावर त्याने मऊ पट्टीचं ग्रीस पुसलं, नीट पुसलं, आणि ती माझ्या हातात दिली.

"जेवून जा," मी म्हणाले. ताट वाढलेलंच होतं.

"चुलीवरचं हाय का?"

"नाही. गॅसवरचं."

त्याने डबा पाकिटात घातला, पाकिटाचं बटण लावलं आणि चप्पल घालून निघून गेला. ताट मी झाकून ठेवलं. संध्याकाळी गरम न करता मीच खाल्लं.